लाल ठिपक्याचं कर्ज

यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यात साक्षगंधाच्या बैठकीत आता हुंडा कुणी उघड्या तोंडाने मागत नाही. मानपान ठरतो, कपडे ठरतात, जेवणाची ताटं मोजली जातात आणि मग वरपक्षातला एखादा तरणा पोरगा मोबाइलची स्क्रीन पुढे करून विचारतो, "काकाजी, शूटिंग कोणाचं लावता? कॅमेरा फुलफ्रेमच पाहिजे. प्री-वेडिंग, कॅन्डिड, ड्रोन, सगळं त्यात आलं पाहिजे." मुलीचा बाप मान हलवतो. फुलफ्रेम म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसतं. नाही म्हटलं तर सोयऱ्यांत आपलं नाव खाली जाईल, एवढं मात्र ठाऊक असतं. कायद्याच्या कलमात बसो वा न बसो, मी या मागणीला हुंडाच म्हणतो.

जरा हिशेब मांडू. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव होता क्विंटलला ७,५२१ रुपये. शूटिंगवर लाख रुपये घातले (आणि लाख ही रक्कम आता बैठकीत कुणाला मोठी वाटत नाही) तर तो तेरा क्विंटलांहून जास्त कापूस झाला. कोरडवाहूत एकरी चार-पाच क्विंटल पिकला, तर जवळजवळ तीन एकरांची सगळी वेचणी. बियाणं, खत, फवारणी, वेचाईची मजुरी यांतलं अजून काहीच वजा केलेलं नाही. ओल आहे, कवडी आहे म्हणत व्यापारी भाव पाडतो, ते वेगळंच.

शेतकरी लग्नापायीच बुडतो, असं म्हणणाऱ्यांत मला उभं करू नका. तो भावाने बुडतो, पावसाने बुडतो, बोंडअळीने बुडतो. पण आधीच बुडत असलेल्या माणसाच्या डोक्यावर त्याच्याच सोयऱ्यांनी आणखी ओझं ठेवावं, याला काय म्हणायचं? आणि ते ओझं कशाचं? कॅमेऱ्यावरच्या एका नावाचं.

ही नावं आली कुठून, ते पाहा. जर्मनीतल्या वेट्झलर गावी लाइट्झ यांच्या कारखान्यात ऑस्कर बार्नाक नावाचा कारागीर होता. त्याला दम्याचा त्रास. त्या काळचे जड कॅमेरे आणि काचेच्या प्लेटा घेऊन डोंगर चढणं त्याला झेपत नव्हतं. म्हणून त्याने सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म वापरणारा, खिशात मावेल असा कॅमेरा घडवला. माक्स बेरेक यांनी त्यासाठी चार काचांचं एल्मार भिंग आखलं. काम झालं की ते आत ढकलून ठेवता यायचं. १९२५ साली लायपझिगच्या जत्रेत तो लायका लोकांपुढे आला. अडचण खरी होती, उत्तर प्रामाणिक होतं. थकलेल्या माणसाच्या खांद्यावरचं ओझं उतरवण्यासाठी जे जन्मलं, त्याच्या अंगावरच्या लाल ठिपक्याला आज प्रतिष्ठेचं चिन्ह करून विकलं जातं. पॅनासॉनिकचा लुमिक्स थोडं बाह्यरूप बदलून, लाल ठिपका लावून लायका डी-लक्स म्हणून चढ्या किमतीला विकला गेला, हे कॅमेऱ्याच्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे.

हासलब्लाड तर त्याहून पुढे गेली. चंद्रावर माणसाबरोबर गेलेला कॅमेरा या स्वीडिश कंपनीचा. तिने २०१२ मध्ये 'लुनार' जाहीर केला. आत सोनीचा नेक्स-७, जो अमेरिकेत सुमारे १,२०० डॉलरला मिळत होता. बाहेरून लाकडाची, चामड्याची मूठ बसवली, चंद्राचं नाव दिलं आणि किंमत सांगितली सुमारे ७,००० डॉलर. सोनीचा आरएक्स-१०० असाच सजवून 'स्टेलर' म्हणून तिप्पट किमतीला विकला. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी तो उधळला, त्यांचं त्यांना लखलाभ. पण हीच विद्या आता कळंबच्या मोबाइल दुकानात हप्त्यावर मिळते. विवोच्या पाठीवर झाइस, वनप्लसवर २०२५ पर्यंत हासलब्लाड, शाओमीवर लायका. नाव छापलेलं पाहून पोरगा बापाकडे हट्ट धरतो आणि बाप शेतीच्या पैशातून हप्ता भरतो.

भिंगाचा नियम मात्र कोणत्याही नावापुढे झुकत नाही. भिंगाचं नाभीय अंतर भागिले त्याचा एफ-आकडा, म्हणजे प्रकाश आत येणाऱ्या तोंडाचा व्यास. ८५ मिलिमीटरचं १.४ चं भिंग घ्या, तोंड साठ मिलिमीटरचं लागतं. फोनमध्ये ते तोंड चार-पाच मिलिमीटरचं. म्हणून फोनवर नवरीमागचा मांडव जो धूसर दिसतो, तो बहुतेक वेळा काचेने धूसर केलेला नसतो. आतल्या गणकाने हिशेब करून पुसलेला असतो. मोठ्या कॅमेऱ्यांचंही थोडंफार तसंच. आतला आरसा गेला आणि भिंग संवेदकाच्या जवळ आलं: निकॉनमध्ये साडेशेहेचाळीस मिलिमीटरवरून सोळावर, कॅननमध्ये चव्वेचाळीसवरून वीसवर. कडेला वाकलेल्या रेषा सॉफ्टवेअर सरळ करतं, त्यामुळे आखणाऱ्याला भिंग आटोपशीर करता येतं. यात खरी हुशारी आहे, आणि ती मी मनापासून मानतो. पण ती हुशारी वापरायला शिकलेला डोळा लागतो, आणि डोळा कोणत्याही पॅकेजात येत नाही.

तो डोळा ज्या पोराकडे आहे त्याचे हाल बघा. गावातला फोटोग्राफर, वय पंचविशीच्या आत. कॅमेऱ्याचा हप्ता चालू. गिऱ्हाईक त्याचे फोटो बघायच्या आधी विचारतं, "कॅमेरा कोणता हाय?" म्हणून तो यवतमाळहून किंवा नागपुराहून एका दिवसासाठी मोठी बॉडी भाड्याने आणतो. कंपनीचं नाव पिवळ्या-लाल अक्षरांत विणलेला रुंद पट्टा गळ्यात मुद्दाम बाहेर काढून ठेवतो. स्वतःच्या भिंगावर त्याचा हात बसलेला असतो. भाड्याच्या यंत्राची बटणंही त्याला नीट सापडत नाहीत. मांडवात मंगलाष्टक संपतं तेव्हा तो अजून मेनूत अडकलेला असतो. त्या एका दिवसाचं भाडं त्याच्या कमाईतून जातं आणि उरलेले पैसे लग्नघर सहा-सहा महिने देत नाही. कामाला मान नाही आणि पट्ट्याला मान, अशी ही आपली कदर.

याच महाराष्ट्रात कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव या पेंटरबंधूंनी परदेशी यंत्र मिळत नाही म्हणून रडत न बसता लेथवर भाग कातून स्वतः सिनेमाचा कॅमेरा घडवला. आनंदराव अकाली गेले. बाबूरावांनी सहकारी विष्णुपंत दामल्यांच्या मदतीने काम तडीस नेलं. पुढे १९२५ साली, वेट्झलरचा लायका जगापुढे आला त्याच वर्षी, बाबूरावांचा 'सावकारी पाश' पडद्यावर आला. कर्जापायी जमीन गमावून शहरात मजुरीला गेलेल्या शेतकऱ्याची ती कहाणी. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. कॅमेरा हातात आल्यावर त्या माणसाला दिसलं ते शेतकऱ्याचं कर्ज. शंभर वर्षांनी आपण त्याच यंत्रापायी शेतकऱ्याला कर्ज काढायला लावतो आणि वर ड्रोनला हात हलवतो.

शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी याच वऱ्हाडात कीर्तनातून जन्मभर सांगितलं की लग्नाला कर्ज काढू नका. त्यांच्या तसबिरीला हार घालणारे पुढारी स्वतःच्या मुलांच्या लग्नाची सिनेमासारखी चित्रफीत गावभर फिरवतात. शाळेत त्यांची जयंती साजरी करणारे शिक्षक बैठकीत बसतात आणि शूटिंगचा विषय निघाला की खाली बघतात. अडाण्याला मी दोष देणार नाही. ज्यांना पगार आहे, ज्यांच्या शब्दाला चार माणसांत वजन आहे, त्यांनी हा पायंडा पाडला. मजुराच्या पोरीच्या लग्नात जो ड्रोन उडतो, तो त्यांच्या अंगणातून उडून आलेला आहे. मी त्यांना गुन्हेगार समजतो.

तुळशीचं लग्न झालं की पुन्हा बैठका सुरू होतील. त्या बैठकीत वरपक्षातल्या वडीलधाऱ्याने, मुलीच्या बापाची मान हलायच्या आत, स्वतःहून सांगावं की चित्रीकरणाचा खर्च आमचा आणि तो आमच्या ऐपतीत होईल; नवरदेवाने ते सगळ्यांसमोर कबूल करावं. गावातल्याच पोराला बोलवा. त्याला कॅमेरा कोणता ते विचारू नका, मागच्या दोन लग्नांचे फोटो दाखव म्हणा, आणि ठरलेले पैसे मांडव उतरायच्या आधी त्याच्या हातात ठेवा.