अकरा दिवसांत फिजिक्स : पुस्तक मिटल्यावर सुरू होणारा अभ्यास



आमच्या सोलापुरात बारावी सायन्सच्या अभ्यासाचं एक अलिखित वेळापत्रक आहे. दिवाळीपर्यंत 'अजून वेळ आहे'. डिसेंबरात 'प्रिलिम होऊ दे, मग बसतो'. जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा येते, होम मैदानावर गड्डा भरतो, आणि 'एकदा गड्ड्यात जाऊन येतो, मग बघाच' असं पोरं म्हणतात. मैदानातले पाळणे उतरायला लागले की घराघरात धडकी भरते. त्यात प्रॅक्टिकल आणि जर्नलवरच्या सह्या. बघता बघता फेब्रुवारी उजाडतो, आणि फिजिक्सचे सोळाच्या सोळा धडे समोर असताना हातात दहा-बारा दिवस उरतात.

मी बरीच वर्षं ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते. दरवर्षी याच सुमारास कुणीतरी स्टाफरूमच्या दारात येऊन उभं राहतं. काही वर्षांपूर्वी अशीच एक मुलगी आली. पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलणारी, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. वर्गात गप्प बसायची, पण वही एकदम टापटीप. प्रिलिमला लेखीत ७० पैकी १४ पडले होते. फिजिक्सच्या पेपरला अकरा दिवस होते आणि त्यातला एक इंग्रजीच्या पेपरात जाणार होता.

म्हणाली, "मॅडम, मला काहीच येत नाही की ओ. इम्पॉर्टंट तेवढं सांगा, पाठ करते."

त्या क्षणी आपल्यापैकी बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर "वर्षभर काय करत होतीस?" असं विचारतात, नाहीतर 'आयएमपी' प्रश्नांची यादी हातात ठेवतात. मी दोन्ही केलेलं आहे, आणि दोन्ही चुकीचं आहे असं आज मला वाटतं.

माझी चूक आधी सांगते

त्याच्या आधीच्या एका वर्षी मी वर्गाला पंचवीस प्रश्नांची यादी दिली होती. एका मुलाने प्रामाणिकपणे तेवढेच प्रश्न घोकले. पेपरात त्यातले थोडेच आले, आणि जे आले त्यांची भाषा बदललेली होती. तो नापास झाला. निकालानंतर मला भेटून म्हणाला, "तुमचं काही नाही मॅडम, माझंच नशीब." तो मला दोष देऊन गेला असता तर बरं झालं असतं. नशिबाचा काही संबंध नव्हता. मी त्याला शॉर्टकट दिला आणि त्याने माझ्यावर विश्वास ठेवला, एवढंच झालं.

बोर्डाच्या पेपरची रचना बघितली की अशी यादी का फसते ते कळतं. लेखी पेपर ७० गुणांचा. त्यातले १० गुण बहुपर्यायी प्रश्नांना आणि ८ गुण एका वाक्यातल्या उत्तरांना. हे १८ गुण सक्तीचे असतात आणि त्यांचे प्रश्न कुठल्याही धड्यातून येतात. पुढे पर्याय मिळतात : दोन गुणांच्या बारा प्रश्नांतले आठ, तीन गुणांच्या बारांतले आठ, चार गुणांच्या पाचांतले तीन. सगळी बेरीज केली तर ९८ गुणांचे प्रश्न समोर येतात आणि ७० चे सोडवायचे असतात. म्हणजे मोठी उत्तरं थोडी निवडून तयार करता येतात, पण एखादा धडा पूर्ण कोरा सोडणं महागात पडतं. यादीवाला नेमकं तेच करतो.

वाचलेलं आणि येत असलेलं

त्या मुलीला मी विचारलं, "लेन्झचा नियम सांग." तिने डोळे मिटून पुस्तकातलं इंग्रजी वाक्य घडाघडा म्हणून दाखवलं. एक शब्द चुकला नाही. मग मी टेबलावरचा खडू उचलला. "हा चुंबक समज. याचं उत्तर टोक या कॉइलकडे नेतेय. कॉइलची जवळची बाजू काय होईल?" गप्प. "आणि लांब नेला तर?" गप्प.

तिला 'काहीच येत नव्हतं' असं नाही. तिचं वाक्य पाठ होतं, पण ते कशाबद्दल आहे हे कुणी तिला सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर तिच्या भाषेत सांगितलं नव्हतं. दहावीला हेच विद्युत चुंबकीय प्रवर्तन ती मराठीतून शिकली होती. अकरावीला सगळं इंग्रजीत गेलं आणि दोन वर्षं ती अर्थाशिवाय नुसते आवाज पाठ करत राहिली. सोलापुरात तर घरात तेलुगू, कन्नड किंवा उर्दू, गल्लीत मराठी आणि पुस्तकात इंग्रजी अशी तिहेरी कसरत करणारी कितीतरी मुलं आहेत. त्यांच्या घोकंपट्टीला आपण आळस म्हणतो. पुष्कळदा तो आळस नसतो. समजत नाही, म्हणून पाठ केलं जातं.

शेवटच्या दिवसांत अशी मुलं काय करतात? तोच धडा पुन्हा पुन्हा वाचतात. तिसऱ्या वाचनाला ओळी ओळखीच्या वाटतात आणि 'झालं की, येतंय' असं वाटून पान उलटतं. ओळखीचं वाटणं आणि येणं यांत फार फरक आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मी दरवर्षी वर्गात सांगते. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार वेळा अभ्यासला. दुसऱ्या गटाने तो एकदाच अभ्यासला आणि मग तीन वेळा, उतारा न बघता, आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते : त्यांना सुमारे ८३ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणारे ४० वर घसरले होते आणि लिहिणारे ६१ वर होते.

माझ्या विद्यार्थिनीचा पेपर पाच मिनिटांनी नव्हता, अकरा दिवसांनी होता.

मग अकरा दिवसांत काय केलं?

पहिल्या दिवशी वाचन बंद. सोळा धड्यांसाठी सोळा कोरे कागद घेतले. प्रत्येकाला दहा मिनिटं. पुस्तक मिटून त्या धड्यातलं आठवेल ते लिहायचं : सूत्र, आकृती, नुसता शब्दसुद्धा चालेल. ब्रेक धरून साधारण तीन तास लागले. मग कागदांचे तीन ढीग केले : येतंय, अर्धवट येतंय, कोरं. 'काहीच येत नाही' म्हणणाऱ्या मुलीच्या कोऱ्या ढिगात फक्त पाच कागद होते. ते बघून तिचा चेहराच बदलला. भीतीला आकडा मिळाला की ती निम्मी होते.

सुरुवात अर्धवट ढिगापासून केली. मुलं नेमकं उलटं करतात. सगळ्यात अवघड धडा घेऊन बसतात आणि दोन दिवस तिथेच अडकतात, नाहीतर येणाऱ्या धड्यावरच रेंगाळतात, कारण तिथे बरं वाटतं. तासामागे सगळ्यात जास्त गुण अर्धवट येणाऱ्या धड्यात असतात. कोऱ्या धड्यांतून फक्त व्याख्या, सूत्रं, एककं आणि लहान प्रश्न घ्यायचे, म्हणजे सक्तीच्या १८ गुणांत काही हाती लागतं.

रोजची पद्धत साधी ठेवली. एक भाग वाचायचा, पुस्तक मिटायचं, कागदावर लिहायचं, पुस्तक उघडून लाल पेनाने दुरुस्त करायचं. आज केलेला धडा परवा पुन्हा कोऱ्या कागदावर, आणि तीन-चार दिवसांनी आणखी एकदा. गणितं बघून समजून घ्यायची नाहीत, झाकून सोडवायची. शेवटच्या तीन दिवसांत एक जुना पेपर घड्याळ लावून तीन तास. आणि रात्री झोप. जागून वाचलेल्या दोन तासांची किंमत दुसऱ्या दिवशीच्या चार तासांत वसूल होते, हे प्रत्येक शिक्षकाने पेपरच्या दिवशी मुलांच्या डोळ्यांत पाहिलेलं असतं.

'मग पाठांतर नकोच का?' असं कुणी विचारेल. हवं की! सूत्रं, एककं, चिन्हं पाठ असलीच पाहिजेत, जसे पाढे पाठ असतात. पाढे पाठ असतात म्हणून हिशेब जमतो. पण बेरीज म्हणजे काय हे माहीत नसलेल्याला पाढ्यांचा उपयोग नाही. पाठांतराला माझी ना नाही. अर्थ बाजूला ठेवून केलेल्या घोकंपट्टीला आहे.

घरी काय करता येईल?

या गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता भाग आता सांगते. तिची आई विड्या वळायची. मांडीवर सूप, शेजारी पानं, आणि हजार विड्यांमागे मिळेल ती मजुरी. मी तिला बोलावलं तेव्हा संकोचून म्हणाली, "मॅडम, मी चौथी शिकलेली. मला काय कळतंय त्यातलं? मी काय मदत करणार?"

मी म्हटलं, "ताई, तुम्हाला कळत नाही हेच चांगलं आहे. रोज रात्री अर्धा तास तिच्यासमोर बसा. हात चालू राहू देत. तिला म्हणा, आज काय शिकलीस ते मला समजेल असं सांग. नाही समजलं तर 'म्हणजे काय?' एवढंच विचारा."

दोन दिवसांनी मुलगी हसत हसत सांगायला आली. तिने आईला लेन्झचा नियम तेलुगूत सांगितला होता. चुंबक जवळ आणला तर कॉइल त्याला ढकलते आणि लांब न्यायला लागलं तर ओढून धरते. जो बदल करायला जावं त्याला ती आडवी येते. आई म्हणाली, "म्हणजे अगदी तुझ्यासारखीच." त्या दिवशी मी पुन्हा खडू उचलला. उत्तर टोक जवळ आणलं तर जवळची बाजू उत्तर, लांब नेलं तर दक्षिण. तिने न अडखळता सांगितलं, आणि का ते मराठीत समजावलं. मग तेच इंग्रजीत लिहिलं. वाक्य मोडकं होतं, पण तिचं स्वतःचं होतं.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. फिजिक्स येत नाही म्हणून हताश होऊ नका. ट्यूशनची फी भरली की आपलं काम संपलं असंही समजू नका. ऐकायला बसा. मूल अडखळेल तिथे ते स्वतःच पुस्तकाकडे धावेल, तुम्हाला काही दुरुस्त करावं लागत नाही. आणि त्या अर्ध्या तासात शेजारच्या मुलाच्या टक्क्यांचा विषय काढू नका.

आणि आपण शिक्षकांनी?

आता थोडं कडू. अकरा दिवसांची ही वेळ एकट्या मुलांनी आणलेली नाही. 'पोर्शन संपवायचा' म्हणून आपण धडे पळवतो. जर्नलमधली रीडिंग्ज एकाची दुसऱ्याने उतरवलेली आहेत हे दिसत असताना सही करतो, कारण ३० गुण कुणाचे अडकू नयेत. वर्ग रिकामे राहिले तरी 'क्लासला जात असतील' म्हणून गप्प बसतो. मग फेब्रुवारीत मुलांना बेशिस्त म्हणायचा आपल्याला किती अधिकार उरतो?

मी त्या वर्षापासून एक छोटा बदल केला. प्रत्येक तासाची शेवटची पाच मिनिटं पुस्तकं आणि वह्या बंद. आज काय झालं ते प्रत्येकाने अर्ध्या कागदावर लिहायचं, ज्या भाषेत जमेल त्या भाषेत. मी गुण देत नाही. कागद चाळते आणि पुढच्या तासाला तिथूनच सुरू करते. पोर्शनला थोडा उशीर होतो हे खरं. पण स्टाफरूमच्या दारात येणारी गर्दी कमी झाली आहे.

त्या मुलीला लेखीत ७० पैकी ४१ पडले. फार मोठा चमत्कार नाही. अकरा दिवसांत पेपर निघतो, विषय येत नाही, हेही मी तिला तेव्हाच सांगितलं होतं. निकालाच्या आधी सीईटीची तयारी करताना तिला तो अनुभव आलाच. सीईटीत ८० टक्के भार बारावीच्या अभ्यासक्रमाचा असतो. घाईत उरकलेले धडे तिला जवळजवळ नव्याने करावे लागले. आईला सांगितलेले मात्र टिकले होते.

यंदाही कुणीतरी दारात येऊन उभं राहील. त्याला यादी देऊ नका आणि रागावूही नका. एक कोरा कागद द्या, पुस्तक मिटायला सांगा, आणि समोर बसा.