शिक्का नसलेलं कार्ड

केशरी रंगाची दोन रेशनकार्डं शेजारी ठेवली तर फरक पटकन कळत नाही. एकावर ‘प्राधान्य कुटुंब’ असा शिक्का असतो, दुसऱ्यावर नसतो. एप्रिल २०२० मध्ये एकाच चाळीतल्या कोणत्या घरात फुकट धान्य येणार, हे त्या शिक्क्यावर ठरत होतं.

२५ मार्चला कोरोनाच्या साथीमुळे टाळेबंदी लागली आणि दुसऱ्याच दिवशी केंद्राने गरीब कल्याण योजना जाहीर केली. माणशी पाच किलो धान्य फुकट, घरटी एक किलो डाळ, आणि हे नेहमीच्या दोन-तीन रुपये किलोच्या धान्याशिवाय. सुमारे ८० कोटी लोकांसाठीची ही योजना होती. तिने असंख्य घरं तगवली, हे मी मनापासून मानते. पण हे ८० कोटी म्हणजे अन्नसुरक्षा कायद्याच्या यादीतले लोक. यादीचा आधार २०११ची जनगणना, आणि महाराष्ट्राचा इष्टांक, म्हणजे यादीतल्या नावांची कमाल संख्या, सात कोटींच्या आसपास गोठलेला.

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींच्या कार्डावर शिक्का नाही. शहरात प्राधान्य कुटुंबासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५९ हजार रुपये होती, म्हणजे महिन्याला पाच हजारसुद्धा नाहीत. मावशींची चार घरची कामं आणि नवऱ्याची रिक्षा मिळून त्याहून जास्त येत होतं, म्हणून कागदावर त्या गरीब नव्हत्या. टाळेबंदीत रिक्षा उभी राहिली, सोसायट्यांनी फाटकं बंद केली. कागद मात्र बदलला नाही. दुकानदार म्हणाला, “ताई, तुमचा नंबर मशीनमध्ये दिसतच नाही, मी काय करू?” त्याच्या हातात खरंच काही नव्हतं. इष्टांक भरला की नवं नाव चढवायला आधी कुणाचं तरी नाव कमी व्हावं लागतं.

अशा केशरी कार्डवाल्यांना राज्य सरकारने मे आणि जूनसाठी माणशी तीन किलो गहू आठ रुपयांनी आणि दोन किलो तांदूळ बारा रुपयांनी दिला. बाजारापेक्षा स्वस्तच. पण पाच माणसांच्या घराला त्यासाठी २४० रुपये रोख मोजायचे होते, आणि कमाई तर थांबलेली. ज्यांच्याकडे कार्डच नव्हतं त्या मजुरांसाठी केंद्राची घोषणा झाली ती मेच्या मध्यावर. तोवर कितीतरी जण गावाकडे चालत निघाले होते.

याच दिवसांत सरकारी गोदामांत ठरलेल्या राखीव साठ्याच्या दुपटीहून जास्त धान्य पडून होतं. ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

राज्य सरकारच्या शिवभोजन थाळीचं मात्र वेगळं होतं. २६ जानेवारी २०२० ला दहा रुपयांत सुरू झालेली ही थाळी टाळेबंदीत पाच रुपयांना मिळू लागली, दुसऱ्या लाटेत काही काळ फुकट. दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. थाळ्या मोजक्या, पण रांगेतल्या माणसाला कुणी कार्डाचा रंग विचारत नव्हतं. तामिळनाडूत रेशनचा तांदूळ उत्पन्नाची अट न लावता वर्षानुवर्षं दिला जातो. पोटभर जेवणारा माणूस पाच किलो तांदळासाठी एप्रिलच्या उन्हात ताटकळत नाही. मग वेगळी चाळण कशाला?

२०२१ची जनगणना त्या वर्षी झाली नाही. जानेवारी २०२३ पासून यादीतल्यांचं धान्य पूर्ण फुकट झालं, तेव्हाही आधार २०११च्याच आकड्यांचा होता. पुढच्या साथीची वाट न पाहता सरकारने एक नियम आजच लिहून ठेवावा: टाळेबंदी लागली की पहिल्या आठवड्यापासून, निदान तीन महिने, रेशन दुकानात येईल त्याला धान्य मिळेल. शिक्का असो वा नसो, कार्ड असो वा नसो.