इंजिन लहान, जोखीम कोणाची?

अमेरिकेतील 'रॅम' या पिकअप ट्रकच्या निर्मात्यांनी २०२५ च्या प्रारूपातून ५.७ लिटरचे, आठ सिलिंडरांचे 'हेमी' इंजिन वगळले आणि त्याच्या जागी तीन लिटरचे, सहा सिलिंडरांचे, दोन टर्बोचार्जर जोडलेले इंजिन पुढे केले. जुन्या इंजिनाची शक्ती ३९५ अश्वशक्ती होती, नव्याची ४२०. कागदावर पाहता गिऱ्हाइकाचा फायदाच होता. परंतु गिऱ्हाईक रुसले, आणि जून २०२५ मध्ये कंपनीला हेमी पुन्हा आणत असल्याचे जाहीर करावे लागले; आपली चूक झाली, अशी कबुलीही कंपनीच्या प्रमुखांनी दिली. अधिक शक्ती नाकारून कमी शक्ती मागणारा हा ग्राहक अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात सापडत नाही. त्याला आठ सिलिंडरांच्या घुमणाऱ्या आवाजाची भूल पडली आहे, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, आणि त्यात थोडे तथ्यही असेल. तथापि त्याच्या हट्टामागे एक हिशेबही आहे, आणि तो हिशेब वाटतो तितका अडाणी नाही.

टर्बोचार्जर ही कल्पना नवी नाही. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याने तिचे पेटंट १९०५ मध्ये घेतले. इंजिनातून जो तप्त वायू वाया जातो, त्याच्या जोरावर एक लहान चक्र फिरवायचे, त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून सिलिंडरात कोंबायची, आणि जास्त हवेबरोबर जास्त इंधन जाळून लहान इंजिनाकडून मोठ्याचे काम करून घ्यायचे, एवढेच हे तत्त्व. मात्र हे चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते, आणि त्याला मिळणारा वायू पेट्रोल इंजिनात नऊशे अंश सेल्सियसच्या आसपास तापलेला असू शकतो. दांड्याला आधार असतो तो तेलाच्या एका पातळ थराचा. ते तेल जुने झाले, करपले किंवा वेळेवर पोहोचले नाही, की सगळा डोलारा कोसळतो. फुकट मिळालेली शक्ती म्हणून जिचे कौतुक होते, ती उष्णतेच्या आणि दाबाच्या रूपाने इंजिनाच्या प्रत्येक भागाकडून वसूल केली जाते.

मग निर्माते या वाटेला का गेले? १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकी काँग्रेसने १९७५ मध्ये कायदा करून मोटारींच्या सरासरी इंधनवापरावर बंधन घातले. ते पुढे कडक होत गेले, आणि सरकारी चाचणीत लहान टर्बो इंजिनाचा आकडा चांगला येतो. चाचणीत इंजिनावर फारसा भार नसतो. मागे दोन-तीन टनांची बोट वा गुरांची गाडी जोडून डोंगर चढताना तेच इंजिन मोठ्या इंजिनाइतकेच तेल पिते. तरी बचत होते असेच धरून चालू. वर्षाला पंधरा हजार मैल फिरणाऱ्या ट्रकने गॅलनला वीसऐवजी बावीस मैल दिले, तर वर्षाकाठी सुमारे ६८ गॅलन वाचतात. गॅलनला तीन डॉलर भाव धरला तर ही बचत दोनशे डॉलरच्या आसपास जाते, म्हणजे दहा वर्षांत दोन हजार. इंजिन बदलावे लागले तर खर्च याच्या कित्येक पट होतो. तेव्हा बचतीचा आकडा मोठा की खर्चाचा, हा प्रश्न नसून तो खर्च येण्याची शक्यता किती आणि तो कोणावर येणार, हा खरा प्रश्न आहे. (दंडाच्या भयाने ही धाव सुरू झाली, तो दंडच जुलै २०२५ च्या कायद्याने शून्यावर आणला गेला, हा दैवदुर्विलास वेगळा.)

येथे ऐषारामी सेडान आणि पिकअप यांच्या वाटा फुटतात. अमेरिकेत महागड्या जर्मन सेडान फार मोठ्या प्रमाणावर तीन वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतल्या जातात. पहिल्या गिऱ्हाइकाला हवा असतो वेग, शांतता आणि रुबाब. आठव्या वर्षी गाडीचे काय होईल याच्याशी त्याला कर्तव्य नसते. बीएमडब्ल्यूने २००८ मध्ये आठ सिलिंडरांचे ४.४ लिटरचे 'एन ६३' हे इंजिन आणले. त्यात दोन्ही टर्बोचार्जर सिलिंडरांच्या दोन ओळींमधील खाचेत बसविले होते. त्यामुळे वायूचा मार्ग आखूड झाला, इंजिन चपळ झाले. पण सगळी धगही मध्यभागीच साठून राहिली. तेल खाणे, इंजेक्टर निकामी होणे, टायमिंग चेन सैल पडणे अशा तक्रारींनंतर कंपनीने २०१४ च्या अखेरीस अमेरिकेत या इंजिनासाठी खास दुरुस्ती योजना काढली, आणि तेल बदलण्याची मुदत पंधरा हजार मैलांवरून दहा हजारांवर आणली. सुरुवातीच्या वर्षांत तेलबदलाचा खर्च कंपनीच सोसत असे, हे लक्षात घेतले म्हणजे मूळची पंधरा हजारांची मुदत विचार करायला लावते. हेतूचा आरोप मी करीत नाही. तेलाचे पैसे एकाने भरायचे आणि इंजिनाचे दुसऱ्याने, अशी विभागणी झाली की मुदत कोणत्या दिशेला सरकेल, एवढेच सांगायचे आहे. मूळ हमी चार वर्षे किंवा पन्नास हजार मैलांची. त्यापुढचा भार दुसऱ्या-तिसऱ्या मालकाचा.

जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. तीन नियतकालिकांनी तो नाकारला होता. पुढे २००१ मध्ये याच कामासाठी त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. विकणाऱ्याला गाडीचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा प्रत्येक गाडीला सदोष धरूनच भाव देतो, आणि चांगली गाडी असलेला बाजारातून निघून जातो, हा त्याचा गाभा. टर्बो इंजिनाने हे अज्ञान आणखी गडद केले आहे. तेल कितव्या मैलाला बदलले, तापलेले इंजिन दरवेळी थाडकन बंद केले की काय, हे बॉनेट उघडून दिसत नाही.

पिकअपचे तसे नव्हते. ती भांडवली वस्तू होती. सुतार, शेतकरी, नळकाम करणारा यांच्यासाठी गाडी बंद म्हणजे मजुरी बंद, आणि मालक ती पंधरा-पंधरा वर्षे ठेवत असल्याने दोषाची शिक्षा निर्मात्याला नावलौकिकातून भोगावी लागे. २००७ सालचा, आठ सिलिंडरांचा एक टोयोटा टुंड्रा मूळ इंजिनावर दहा लाख मैल धावला आणि २०१६ मध्ये कंपनीने तो अभ्यासासाठी परत घेतला. फोर्डने २०११ च्या एफ-१५० मध्ये दोन टर्बोंचे साडेतीन लिटरचे इंजिन घातले, तेव्हा आठ सिलिंडरांचे इंजिनही विक्रीस ठेवले, ते बहुधा ही नाडी ओळखूनच. परंतु गेल्या दोन दशकांत पिकअपला कातडी आसने आली, पडदे आले, किंमत सेडानला भिडली. ट्रक ऐषारामी झाला आणि त्याच्याबरोबर सेडानचे अर्थकारणही ट्रकमध्ये शिरले.

याची उत्तम कसोटी टोयोटानेच पुरविली. लेक्सस एलएस ५०० ही सेडान आणि २०२२ चा टुंड्रा यांत एकाच कुळातील ३.४ लिटरचे, दोन टर्बोंचे, सहा सिलिंडरांचे इंजिन आहे. २०२४ मध्ये टुंड्रा आणि लेक्सस एलएक्स मिळून एक लाखाहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या. पुढच्या वर्षी आणखी सव्वा लाखाच्या सुमारास. कारण टर्बो नव्हते. कारखान्यात धातू कापताना राहिलेला कीस इंजिनात सापडला आणि तो बेअरिंगांवर उठला. सेडानवर मात्र तशी पाळी आली नाही. आणि टर्बोचे शत्रू ज्याला रामबाण मानतात त्या साध्या, मोठ्या इंजिनाचे काय झाले? एप्रिल २०२५ मध्ये जनरल मोटर्सने ६.२ लिटरच्या, टर्बो नसलेल्या आठ सिलिंडरी इंजिनाच्या अमेरिकेतच सुमारे सहा लाख गाड्या परत बोलावल्या. जी इंजिने तपासणीत उत्तीर्ण झाली, त्यांना उपाय म्हणून अधिक दाट तेल देण्यात आले. पातळ तेल इंधन वाचविते, दाट तेल बेअरिंग वाचविते. काय वाचवायचे ठरले होते, ते यावरून कळावे. उलट ज्या बीएमडब्ल्यूचे एन ६३ बदनाम झाले, तिचेच २०१५ चे एक टर्बोचे सहा सिलिंडरी 'बी ५८' इंजिन इतके भरवशाचे निघाले की टोयोटाने आपल्या सुप्रा मोटारीत तेच बसविले.

तेव्हा 'टर्बो वाईट' ही तक्रार माझ्या मते चुकीच्या पत्त्यावर गेलेली आहे. आपल्याकडे नारायणगावचा टोमॅटो मुंबईला नेणाऱ्या पिकअपचे डिझेल इंजिनही टर्बोचेच असते आणि ते निमूट राबते, कारण ते धिम्या गतीने, जाड ओतीव धातूत आणि शक्तीचा हव्यास न धरता राबविले जाते. इंजिनाच्या ताकदीतून किती राखीव ठेवायची आणि किती विकायची, हा निर्णय निर्माता घेतो. तो चुकल्यास भरपाई त्याच्याकडून किती वर्षे मागता येते, यावर तो निर्णय अवलंबून राहतो.

हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. २००६ च्या अर्थसंकल्पापासून आपला कर चार मीटर लांबी आणि पेट्रोलसाठी १२०० घनसेंटिमीटर ही रेषा पाहतो. सप्टेंबर २०२५ पासून रेषेच्या आत १८ टक्के आणि बाहेर ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे. एवढ्या फरकापोटी एक लिटरच्या तीन सिलिंडरी इंजिनाला टर्बो लावून थोरल्या भावाचे काम करायला लावणे अटळच होते. प्रस्तुत लेखकाकडे स्कूटर आहे, त्यामुळे त्याला झळ नाही. पण आमच्या एका सहकाऱ्यांनी गेल्या वर्षी नव्या लहान गाडीच्या किमतीत तिसऱ्या हाताची परदेशी सेडान घेतली, आणि चार महिन्यांत निम्मी किंमत टर्बो व इंजिनाच्या दुरुस्तीत घातली. आधीच्या दोघांनी तेल केव्हा बदलले, हे सांगणारा एक चिटोराही त्यांना मिळाला नव्हता. सदोष गाड्या परत बोलाविण्याचा अधिकार २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने सरकारला मिळाला आहे. त्याच्या जोडीला, गाडीचे नाव बदलताना आर.सी. पुस्तकाबरोबर सर्व्हिसिंगची नोंदही नव्या मालकाच्या हाती देणे सक्तीचे करावयास परिवहन खात्याला फार मोठा खर्च येऊ नये.