पोरांचं वजन होतं, आईबापाचं कोण करणार?

साथींनो,

१९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत पोरं दगावली, तेव्हा कुपोषण हा शब्द मुंबईपर्यंत पोचला. तेव्हापासून कुपोषण म्हटलं की फक्त सहा वर्षांखालचं पोर आठवतं. अंगणवाडीत त्याचं वजन होतं, नोंद होते. ते झालंच पाहिजे. पण त्याच्या बापाचं, आजीचं वजन कोण करतं? आईचं होतं, तेही गरोदर असेल तेवढे महिने.

मोठ्या माणसाचं कुपोषण मोजायची रीत सोपी आहे. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागायचं. उत्तर १८.५ च्या खाली आलं तर वजन कमी. म्हणजे १५० सेंटिमीटर उंचीची बाई साडेएकेचाळीस किलोच्या खाली नको, १६० सेंटिमीटरचा गडी सत्तेचाळीसच्या खाली नको. शंभरातली चाळीस मोठी माणसं या रेषेखाली असली तर जागतिक आरोग्य संघटना ती परिस्थिती अतिगंभीर धरते.

काही साहेब म्हणतात, आदिवासींचा बांधाच बारीक. एकट्यादुकट्या माणसाचं तसं असेल, कुणाला टीबीही असेल. पण अख्खी वाडी रेषेखाली असली तर? लावणी-बेणणीच्या दिवसांत, कणगी रिकामी असताना मोजा. भात घरात आल्यावर पुन्हा मोजा. बांधा चार महिन्यांत बदलत नाही. वजन बदललं तर ते ताटातल्या भाकरीमुळं.

आणि भाकरी जमिनीतून येते. आंबेगाव तालुक्यात डिंभे धरणात आपली भातखाचरं बुडाली. वर राहिली ती माळाची जमीन वनखात्याच्या हद्दीत. नाचणी-वरई पेरली की गार्ड उभा. हिरडा विकून तेल-मीठ येतं, वर्षाचं धान्य येत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानं कसणाऱ्याचा हक्क मानला, तरी कितीतरी दावे फायलीतच आहेत.

आदिवासींवर संशोधन करणारी सरकारी संस्था इथं पुण्यातच आहे. तिनं मोठ्या माणसांचीही मोजणी करावी आणि आकडे आपल्या ग्रामसभेत येऊन वाचून दाखवावेत, ही आपली मागणी पाहिजे.

पण तोवर थांबू नका. ग्रामसभेनं उपकेंद्राकडं काटा मागावा. गरोदर बाया सोडून सगळ्या मोठ्यांची उंची-वजन वहीत लिहावं. शेजारी दोन रकाने ठेवा : कसतो ती जमीन किती, दावा मंजूर झाला का. कुणाचं वजन किती हे चावडीवर सांगू नका, वाडीचा एकूण आकडा सांगा. पुढच्या मोर्चाला निवेदनासोबत ही वही घेऊन जाऊ. रेशन तर पाहिजेच, पण सातबाराशिवाय ही भूक हटायची नाही.

जिंदाबाद!