मटण-भाकरी आणि हजाराच्या आतली रेड

डिसेंबर उजाडला की ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो, 'लोणावळा कधी?' बंगला ठरतो, गाड्या ठरतात, मटण कोण आणणार तेही ठरतं. यादीत शेवटी कुणीतरी लिहितं, 'एक रेड वाइन पण घ्या, भारी वाटतं.' दुकानात मात्र सगळे गोंधळतात. स्वस्त घेतली तर चव नसेल, महाग घेतली तर कॉन्ट्रिब्युशन वाढेल! माझं मत स्पष्ट आहे. आपल्या थंडीतल्या जेवणाला हजाराच्या आतली, इथलीच रेड जास्त शोभते. अट एकच, ती जेवणासोबतच घ्यायची.

आता हे का, ते बघू. चहा जास्त उकळला की जीभ कोरडी पडते ना? तो तुरटपणा टॅनिनचा. रेड वाइनमध्ये तो द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतो. मटणातली चरबी आणि प्रथिनं त्याला मऊ करतात, म्हणून ही जोडी जमते. पण तिखटाचं गणित उलटं आहे. मिरचीची आग अल्कोहोलने आणखी भडकते. महागड्या रेड बऱ्याचदा ओकच्या पिंपात मुरवलेल्या आणि जड असतात. झणझणीत रश्शासोबत त्या कडवट लागतात, पैसेही वाया. त्यापेक्षा हलकी, फळांच्या चवीची साधी रेड बरी.

आणि त्यासाठी लांब जायची गरज नाही. २००१च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणाने राज्यातल्या वाइनला उत्पादन शुल्कात मोठी सवलत दिली आणि नाशिकचा वाइन उद्योग फोफावला. तिथल्या शिराजला काळ्या मिरीसारखी झाक असते, काळ्या मसाल्यातल्या सुक्या मटणासोबत ती मस्त लागते. अकलूजकडची सांजोव्हेजे थोडी आंबटसर, ती रश्शाला बरी. ग्रुपमधल्या व्हेज मंडळींसाठी भरली वांगी किंवा चुलीवरचं भरीत आहेच. सोबत बाजरीची भाकरी आणि मावळचा इंद्रायणी भात. चीजच्या प्लेटवाचून काही अडत नाही.

'रेड रूम टेंपरेचरला प्यावी' हे वाक्य युरोपातल्या गार घरांसाठी आहे, म्हणजे साधारण १६ ते १८ अंश. पुण्यात उन्हाळ्यात बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी लागते. लोणावळ्याच्या थंडीत ती व्हरांड्यात ठेवली तरी काम होतं.

आता थोडं गंभीर. जानेवारी २०२२मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नाही' असं बरंच ऐकायला मिळालं. हे साफ चूक आहे. १३ टक्के अल्कोहोल असलेल्या वाइनचा १५० मिलीचा ग्लास म्हणजे व्हिस्कीचे जवळपास दीड छोटे पेग. गाडी चालवताना कायद्याची मर्यादा आहे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. 'वाइनच तर घेतली' म्हणत रात्री टायगर पॉइंटला निघणाऱ्यांना घाटातलं धुकं आणि वळणं सवलत देत नाहीत.

म्हणूनच मला वाइनची जागा ताटाशेजारी वाटते, डिकीत नाही. एका बाटलीत पाचच ग्लास होतात. चार-पाच जणांत ती वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम एक येतो, तोही घासागणिक, गप्पा मारत संपतो. ज्यांना प्यायची नाही त्यांना आग्रह नको, 'एकच घोट घे' तर अजिबात नको. आणि ज्याच्या खिशात गाडीची चावी आहे, त्याच्यासाठी मटणासोबत सोलकढी. तीही काही कमी भारी लागत नाही!