२१०० च्या पुढचा प्रश्न

लाडक्या बहिणीचे २१०० कुठे गेले, असं उद्धव ठाकरे सरकारला विचारतात. बरोबरच आहे. २०२४ च्या निवडणुकीत महायुतीनं शब्द दिला. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात रक्कम १५०० वरच राहिली. पण आघाडीनंही ३००० कबूल केले होते. त्यात आम्ही उधन्याचे मराठी कुठे होतो?

नंदुरबारच्या माझ्या बहिणीला पैसे मिळतात. पोटासाठी इथं आलेली वहिनी बाद. तिचं रेशनकार्ड आता गुजरातचं. नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. आमची घरंही तशीच.

साहेब, रकमेवर जरूर भांडा. पण खान्देशात हाताला काम का नाही, हेही सभागृहात विचारा. ते मिळालं तर उधन्याची गाडी कोण धरेल?