कडकन आवाज झाला म्हणजे मणका बसला?

अळणावर हे धारवाड-लोंढा लोहमार्गावरचे जंक्शन. दांडेलीच्या बाजूला आंबेवाडीकडे जाणारा फाटा इथूनच फुटतो. एके काळी त्या फाट्यावरून जंगलातले लाकूड यायचे. आज आसपासच्या शिवारात भात आणि ऊस आहे. कामे बदलली, पण भार पाठीवरच राहिला. लावणीच्या दिवसांत बाया सकाळपासून ओणव्या असतात, तोडकरी उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढतात, हमाल गोण्या उचलतात आणि तरुण मुले नोकरीसाठी दुचाकीवरून रोज धारवाड गाठतात. कंबरेने कधी त्रासच दिला नाही असे घर या पट्ट्यात क्वचितच सापडेल.

उसण भरली की जुनी माणसे पायाळू माणसाला बोलावून त्याची हलकी लाथ पाठीवर मारून घेत. मिठाच्या पुरचुंडीचा शेक, निर्गुडीचा पाला, हाडवैद्याचा हात हेही असायचे. आता हाडवैद्याची जागा मोबाइलमधल्या चित्रफितींनी घेतली आहे. रुग्ण पालथा झोपतो, कुणीतरी त्याच्या पाठीवर झटका देतो, कडकन आवाज येतो आणि रुग्ण हसत उठतो. खाली लिहिलेले असते : कायरोप्रॅक्टिक. ते पाहून लोक हुबळी, बेळगाव, पुण्यापर्यंत जातात आणि अनेकदा गावातल्याच एखाद्या हौशी हाताखाली पाठ देतात. चित्रफितीत दिसते ते पहिले मिनिट. तिसऱ्या आठवड्यात त्या रुग्णाचे काय झाले, हे कुणी दाखवत नाही.

त्या आवाजाबद्दल आधी स्पष्ट बोलले पाहिजे. २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी बोट मोडताना सांध्याचे एमआरआय चित्रण केले. सांध्याचे पृष्ठभाग एकमेकांपासून दूर होताना आतल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते आणि आवाज त्याच क्षणी येतो, असे त्यांना दिसले. पाठीतला आवाजही सांध्यातून येतो. हाड सरकले होते आणि ते जागेवर बसले, असा त्याचा अर्थ होत नाही. निरोगी माणसाचा मणका भाजीच्या पाटीतल्या कांद्यासारखा इकडेतिकडे घरंगळत नाही. अस्थिबंध आणि स्नायू त्याला घट्ट धरून असतात.

मणका ‘बसवण्या’ची कल्पना अमेरिकेतून आली. आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावात १८ सप्टेंबर १८९५ रोजी डी. डी. पामर यांनी हार्वे लिलार्ड या झाडलोट करणाऱ्या कामगाराच्या पाठीवर दाब दिला आणि त्याला पुन्हा ऐकू येऊ लागले, असा दावा केला. बहुतेक रोगांचे मूळ सरकलेल्या मणक्यांत असते, हा त्यांचा सिद्धान्त. विज्ञानाच्या कसोटीवर तो टिकला नाही. उपचार मात्र टिकले. १९७४ मध्ये लुइझियानाने परवाना देण्याचा कायदा केला आणि अमेरिकेतल्या सर्व राज्यांत कायरोप्रॅक्टिकला कायदेशीर जागा मिळाली.

सिद्धान्त चुकीचा म्हणून हाताचा गुणही खोटा, असे मात्र म्हणता येत नाही. पाठीवर प्रशिक्षित हाताने केलेल्या उपचारांच्या ४७ चाचण्यांचा, म्हणजे नऊ हजारांहून अधिक रुग्णांचा, एकत्रित आढावा २०१९ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. जुनाट कंबरदुखीत या उपचारांचा परिणाम व्यायामासारख्या इतर शिफारस केलेल्या उपायांइतकाच आढळला. कमी नाही, पण जास्तही नाही. म्हणजे आराम मिळतो. चमत्कार होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर पहिली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. अळणावरच्या रुग्णाने ती समजून घ्यावीत इतकी ती त्याच्या कामाची आहेत. दुखणे समजावून सांगणे, व्यायामाचा कार्यक्रम, हाताने केलेले मणक्याचे उपचार, मालिश, मनाचा आधार आणि गरजेपुरत्या सूज-वेदनाशामक गोळ्या हे उपाय त्यात सुचवले आहेत. नेहमीच्या उपचारात काय टाळावे, हेही सांगितले आहे : कंबरेचा पट्टा, वजन लावून ताण देणे आणि अफूजन्य वेदनाशामके. आपल्याकडे कंबर धरली की घरचे आधी औषधाच्या दुकानातून पट्टाच आणतात.

शिवाय भीती असते ती ‘गॅप’ची. एमआरआयच्या अहवालात गादी सरकली, नस दबली, मणक्यात गॅप असे काही वाचले की धडधाकट माणूस नांगर खाली ठेवतो. २०१५ मध्ये पाठीचे काहीही दुखणे नसलेल्या तीन हजारांवर लोकांच्या तपासण्यांचा आढावा घेतला गेला. विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या गाद्यांत झीज सापडली, आणि ही सगळी माणसे ठणठणीत होती. झीज ही बहुतेकांच्या बाबतीत केस पिकण्याइतकीच वयाची खूण आहे. कंबरदुखीच्या दहापैकी नऊ रुग्णांत बोट ठेवता येईल असा एकच बिघाड सापडत नाही, आणि अचानक भरलेली उसण बहुधा काही आठवड्यांत उतरते.

झोपून राहण्याने ती लवकर उतरत नाही. अमेरिकेत १९८६ मध्ये काही रुग्णांना दोन दिवस आणि काहींना सात दिवस अंथरुणात राहायला सांगितले गेले. दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे ४५ टक्क्यांनी कमी पडले आणि प्रकृतीत दुसरा फरक दिसला नाही. म्हणून शेक घ्यावा, दुखेल तितके जपावे, पण उठून चालावे आणि हळूहळू पाठीला, पोटाला, मांड्यांना ताकद येईल असे व्यायाम करावेत. प्रशिक्षित हाताने दिलेला आराम इथेच उपयोगी पडतो : दुखणे थोडे उतरले की रुग्ण हालचाल करायला धजतो. त्याची जागा एवढीच आहे, आणि ती मान्य करायला हरकत नसावी.

खरा धोका अप्रशिक्षित हाताचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या निकषांनुसार कायरोप्रॅक्टिकच्या पूर्ण शिक्षणाला किमान ४२०० तास लागतात. आपल्या देशात या उपचारांसाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. त्यामुळे अल्पमुदतीच्या वर्गाचे प्रमाणपत्र भिंतीवर लावणारा आणि वर्षानुवर्षे शिकलेला, दोघांनाही रुग्ण ‘डॉक्टर’च म्हणतो. मानेचा झटका तर सगळ्यांत घातक. २०२४ मध्ये बळ्ळारीच्या एका तरुणाची बातमी आली होती. सलूनमध्ये डोक्याच्या मालिशीनंतर त्याची मान झटक्यात वळवली गेली, मानेतल्या रक्तवाहिनीच्या भिंतीला चीर गेली आणि त्याला पक्षाघात झाला. हाडे ठिसूळ झालेल्या आजीच्या पाठीवर झटका दिला तर मणका मोडू शकतो. मणक्याचा क्षयही आपल्याकडे आहे. संध्याकाळचा ताप, घटणारे वजन आणि रात्री वाढणारे दुखणे असेल, तर त्या पाठीला कुणी हातही लावू नये.

अळणावर आता तालुका झाला आहे. तालुक्याला कचेरी मिळाली की लोक समाधान मानतात. पण पाठीवर जगणाऱ्या प्रत्येक तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपिस्टची जागा असली पाहिजे आणि ती भरलेलीही असली पाहिजे. ओझ्याचाही विचार हवा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्येच एका पुरुष कामगाराने उचलायच्या ओझ्याची कमाल मर्यादा ५५ किलो सुचवली होती. शंभर किलोची गोणी पन्नासवर यावी म्हणून पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीला लढावे लागले. साध्या ढकलगाड्या आणि उतरत्या फळ्या बाजार समित्यांना परवडणाऱ्या आहेत. त्या आणायला आणखी कशाची वाट पाहायची?

तोपर्यंत वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे. कंबरदुखीबरोबर लघवी किंवा शौचाचा ताबा सुटला, मांड्यांच्या आतली बाजू बधिर झाली, पाऊल उचलेनासे झाले किंवा पडल्यानंतर दुखणे वाढतच गेले, तर मालिशवाला, हाडवैद्य, चित्रफीत यांत वेळ घालवू नका. त्याच दिवशी हुबळीचे किम्स किंवा धारवाडजवळ सत्तूरचे एसडीएम रुग्णालय गाठा.